विलासची उडती धुलाई

आम्ही तिघं-चौघं गावी, वडशाला भेटलो की गेम पार्लरचे किस्से निघतातच. एक संपायच्या आत दुसऱ्याच्या तोंडात पुढचा तयार असतो. फक्त विलासचं नाव आलं की कोणीतरी चहाचा ग्लास खाली ठेवतं. तरी नाव येतंच. बहुतेक किस्से त्याचेच!

दोन हजार चार-पाचची गोष्ट. सुभाषभाऊंनी आपल्या कॅसेटच्या दुकानात एक टीव्ही आणि गेमचं मशीन मांडलं होतं, तेच आमचं पार्लर. जपानी कार्टूनवरचा फायटिंग गेम. स्क्रीनवरची अक्षरंही जपानी. कोणतं बटण कशाचं, कोणालाच वाचता यायचं नाही.

एकदा दिलीप खेळता खेळता असा शिंकला, की रिमोटवरची चार बटणं एकदम दाबली गेली. समोरचा गडी सरळ आभाळात! दिलीपचा गडी त्याच्यामागे उडाला, त्याने त्याला हवेतच दणादण हाणलं आणि खाली आपटलं. दुकानात सगळे थक्क. मग सुभाषभाऊ म्हणाले, "अबे, पुन्हा शिंक!"

दिलीपने आठवडाभर प्रयत्न केला. तपकीरसुद्धा ओढून पाहिली!

जमलं ते विलासला. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातला, बी.ए.ला आमच्याच वर्गात. अंगाने बारीक, डोळे नेहमी पिवळसर. एका दुपारी त्याला ती गोम सापडली. "आधी वर फेकाचा. मंग आपण उडाचं. तो खाली याच्या आत सहा हाणाचे. थांबला का गेलं!" नावही त्यानेच ठेवलं, उडती धुलाई.

चंद्रपूरहून इंजिनिअरिंगचा एक जण आला होता, सायबर कॅफेतून मूव्हजची प्रिंट काढून. विलासने त्याला सलग पाचदा आपटलं. तो बिचारा म्हणाला, "सिक्वेन्स तरी सांग यार."

"सांगता नाई येत. माह्या अंगठ्यावर हात ठेव."

त्याने ठेवला आणि चटकन काढला. "अबे, तुले तर ताप हाय!"

"ताप मले हाय, अन् हरून राह्यला तू!"

सगळे हसलो. तो ताप सिकलसेलचा, रक्ताच्या जन्मजात आजाराचा होता, हे आम्हाला त्या संध्याकाळी कळलं.

डॉक्टरांनी त्याला सारखं पाणी प्यायला सांगितलं होतं. दुकानात मात्र पाटी होती, 'मशीनजवळ पाणी आणू नये.' दुसऱ्या दिवशी तिच्याखाली खडूने एक ओळ आली, 'विलास सोडून.' ती वाचून विलास भडकला. "मले काऊन वेगळा काढता भाऊ?" सुभाषभाऊंनी अख्खी पाटीच उतरवली.

हिवाळ्यात त्याची बोटं सुजायला लागली. रिमोट धरवेना. मग रिमोटची डावी बाजू दिलीपकडे, उजवी माझ्याकडे, आणि विलास मागून हुकूम सोडायचा. "उडव! आता तू उड! अबे तिकडं काऊन उडते? तो इकडं हाय!" समोरचा हवेत एकटाच, आमचा गडी भलत्याच टोकाला. विलास खदखदून हसला आणि छाती धरून वाकला. "हसवू नका बे... दुखते."

आमची बोटं बटणांवरच थांबली. त्याने मान वर केली. "तुमी काऊन थांबले?"

फेब्रुवारीत तो गेला.

पंधरा-वीस दिवसांनी त्याचे बाबा दुकानात आले. तलावावर मासे धरणारा माणूस, या दुकानात कधी पाय ठेवला नव्हता. आम्ही उभे राहिलो.

"विलास खेळे, गडी आभाळात उडवतो म्हणे, ते हेच काय?"

"हो, काका."

"लाव."

मी विलासचा गडी निवडला, रिमोट त्यांच्या हातात दिला, बटणं दाखवली. जाळं ओढून ओढून चिरलेले, जाड अंगठे. तीन-चारदा चुकलं. मग लागलं. समोरचा गडी वर गेला.

"आता उडा, काका! हाणा!" दिलीप ओरडला.

काकांनी रिमोट मांडीवर ठेवला. गडी वर जात राहिला, क्षणभर थांबला, खाली पडला.

"हाणाचं नाई मले," ते म्हणाले. "किती वर जाते, तेवढं पाहाचं होतं. आणखी एक डाव दाखव."