आतल्या लेनने वाट द्यायची

माझ्या लेकीला तिच्या बापाने पाडलं असं मी म्हणते, तेव्हा नवरा मला दुरुस्त करतो. पाडलं दुसऱ्या मुलीने, तो म्हणतो, आणि तेही चुकून. बरोबर आहे. बर्फावर तिला त्या मुलीने पाडलं. मी बर्फाबद्दल बोलत नाहीये.

आम्ही दुबईत अल कुसैसला राहतो. नवरा एका मराठी माणसाच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत अकाउंट्स बघतो. व्हिसा त्यांच्या कंपनीचा, गणपती त्यांच्या घरचा, दिवाळीची पार्टीही त्यांच्याच व्हिलावर. त्यांना मालक म्हटलेलं आवडत नाही, दादा म्हणायचं. आम्ही दादा म्हणतो. त्यांची मुलगी आणि माझी लेक एकाच वयाच्या, आणि दोघी शनिवारी सकाळी मॉलमधल्या रिंकवर स्केटिंग शिकतात. रिंक लोकांसाठी उघडायच्या आधीचा वेळ या मुलींचा.

शिकवते एक डच बाई. बाई एके काळची जगज्जेती. स्पीड स्केटिंगमधली, म्हणजे नाच नाही, गिरक्या नाहीत, कंबरेत वाकून, एक हात पाठीवर ठेवून नुसतं सुसाट जायचं. तिचा नवरा फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर आहे म्हणून ती इथे आली. तिच्या देशात लोक तिला रस्त्यात थांबवून हात मिळवतात असं ऐकलंय. इथे आमच्यातल्या एका आईने पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "यू हॅव सर्टिफिकेट?" दुसरीने विचारलं, म्युझिकवर नाही का शिकवत, मंडळाच्या कार्यक्रमात बसवता येईल. बाईने दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, "नो." मला ती तिथेच आवडली.

तशी बोलायला तुटकच. पण मुलींच्या बुटांच्या नाड्या आवळताना ती काहीबाही सांगायची आणि मी बाकावर बसून ऐकायचे. घरचा गोठा होता, घरामागे कालवा. हिवाळ्यात कालवा गोठला की बाप स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची उचलून बर्फावर ठेवायचा. त्यांच्याकडे मुलं अशीच शिकतात म्हणे, खुर्चीच्या पाठीला धरायचं आणि ढकलत जायचं, पडाल तर खुर्ची धरून उठायचं. मग क्लब, मग राज्य, मग देश. रोज सकाळी दूध काढून झाल्यावर सराव. तिच्या स्वतःच्या बुटांचं पातं मागून सुटं आहे, टाच उचलली की पातं खाली लोंबतं आणि टक् करून परत बसतं. ती बर्फावर उतरली की रिकाम्या रिंकभर तो टक् टक् आवाज घुमतो. बाकी सगळं सोडून मी तो ऐकत बसायचे.

इथेही तिने एक लाकडी खुर्ची आणली होती, नवशिक्या पोरांसाठी. रिंकच्या मॅनेजरने ती काउंटरमागे टाकली, कारण ढकलायला त्यांचे प्लास्टिकचे पेंग्विन भाड्याने मिळतात. जगज्जेतीच्या खुर्चीला जागा नाही आणि पेंग्विनांची रांग. मला तेव्हाही संताप आला होता, पण तो आपला किरकोळ.

खरी गोष्ट निवडीच्या दिवसाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत हॉलंडला मोठ्या रिंकवर शिबिर होतं, बाईच्या जुन्या क्लबचं. तिथे एक फेरी म्हणजे आमच्या मॉलच्या रिंकच्या कितीतरी पट. आमच्या गटातून एकच मुलगी जाणार होती. लेक महिनाभर दुसरं काही बोलली नव्हती. गुगलवरून त्या रिंकचे फोटो काढून तिने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले होते, बाहेरून दिसू नयेत म्हणून.

बाईने निवड तिच्या पद्धतीने घेतली, दोघी-दोघींच्या जोड्या लावून. बर्फावर रंगीत शंकू ठेवून दोन लेन आखल्या. एक आतून, एक बाहेरून. आतलं वळण छोटं, म्हणून प्रत्येक फेरीत दोघींनी लेन बदलायची, म्हणजे अंतर सारखं होतं. आणि बदलताना दोघी एकाच वेळी शेजारी-शेजारी आल्या तर एकच नियम, आतून येणारीने वाट द्यायची. बाहेरून येणारीचा हक्क पहिला, कारण ती लांबचं वळण घेऊन आलेली असते. बाईने हे इतक्या वेळा घोटून घेतलं होतं की मलाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

लेकीच्या जोडीला दादांची मुलगी आली. शेवटच्या फेरीत लेक बाहेरच्या वळणावरून निघाली, चेंडू सुटावा तशी. दादांची मुलगी आतून आली, आणि तिने वाट दिली नाही. मुद्दाम नसेल. घाबरली असेल, खाली बघत असेल. लेकीने बूट आडवे करून पाय रोवले, तरी धडक चुकली नाही, आणि ती घसरत जाऊन भिंतीवर आपटली. दुसरी डगमगली आणि शेवटची रेष ओलांडून पुढे गेली.

बाईचा हात वर गेलेला मी पाहिला. नियम साफ होता. आतून येणारी बाद, आणि जिची वाट अडली तिला अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पुन्हा एकटीने संधी.

तेवढ्यात माझा नवरा कठड्याशी पोहोचला होता. दादा त्याच्या शेजारीच उभे. दादा हसत म्हणाले, "अरे यार, पोरी आहेत. यल्ला, खलास करा विषय." आणि माझा नवरा, लेकीचा गुडघा फुटलाय की नाही हे न बघता, बाईला सांगायला लागला, "नो नो मॅडम, नो प्रॉब्लेम. माय डॉटर स्लिप्ड. हर मिस्टेक ओन्ली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "काय बोलतोयस तू? सगळ्यांनी बघितलंय."

तो मराठीत, दात आवळून, हसू तसंच ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना. दादांची मुलगी आहे. उगाच इश्यू नको. उद्या ऑफिसात तोंड दाखवायचंय मला."

"आणि हिने कुठे दाखवायचं?"

"हळू बोल," तो म्हणाला. हळू बोल! या देशात आल्यापासून हा माणूस हळू बोलतोय. बिल्डिंगच्या वॉचमनशी हळू, बँकेत हळू, दादांसमोर तर आवाजच नाही. मला वाटायचं हा त्याचा स्वभाव. नाही, हा मिंधेपणा आहे, आणि त्या दिवशी त्याने तो पोरीच्या नावावर केला.

मी बाईकडे गेले. म्हटलं, शी विल स्केट अगेन. आय ॲम द मदर. बाईने मलाही हात दाखवून थांबवलं. मला जे दिसायचं ते दिसलंय, ती म्हणाली, पण पुन्हा जायचं की नाही हे जी पडली ती सांगेल. तो नाही. तूही नाही. इतका राग आला मला तिचा. मुलगी कोणाची?

मग बाई लेकीला बाकावर घेऊन बसली. गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरली आणि स्वतःचं सांगितलं, मी पहिल्यांदाच ऐकत होते. एकोणीस वर्षांची असताना तिचीही वाट अशीच अडवली होती, तेही देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या मुलीने. बाईने पुन्हा जाण्याचा हक्क मागितला. सगळे चिडले, स्पर्धा संपली होती, लोक कोट घालून निघाले होते. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ती एकटी धावली. पाय संपले होते, वेळ आधीपेक्षा वाईट लागली, काही मिळालं नाही. "बट नोबडी क्रॉस्ड मी लाइक दॅट अगेन," ती म्हणाली. पुढची सगळी पदकं त्या हरलेल्या फेरीतून आली असं तिचं म्हणणं. मग तिने विचारलं, तुला पुन्हा जायचंय?

लेकीने बाईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. तिने कठड्यापलीकडे बापाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघून मान हलवत होता, अगदी प्रेमाने, नको म्हणून.

"आय स्लिप्ड," लेक म्हणाली. "इट्स ओके." आणि नाड्या सोडायला लागली.

मॅनेजरने लगेच दरवाजे उघडले, पेंग्विन बर्फावर उतरले, गाणी सुरू झाली. पडलेलीच घसरले म्हणाली, मग बाद कुणाला करणार? निवड झाली ती दादांच्या मुलीची.

गाडीत मी तोंड उघडलं असतं तर शेख झायेद रोडवरच उतरले असते. नवरा आरशातून मागे बघून म्हणाला, "शहाणी आहे माझी मुलगी." लेक खिडकीबाहेर बघत होती. संध्याकाळी दादांच्या घरून बर दुबईच्या दुकानातले पेढे आले, वर चिठ्ठी, तुमच्या मोठ्या मनाबद्दल आभार. मी ते पेढे बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाड्या धुणाऱ्यांना देऊन आले आणि रिकामा खोका नवऱ्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने तो बाजूला सरकवला.

मला वाटलं होतं, विषय इथे संपेल. राग राहील, पण राग काय, माझ्याकडे पुरेसा आहे. कपाटातले फोटो लेकीने काढून टाकले, तेही मी सहन केलं. पण सुट्टी संपून सराव पुन्हा सुरू झाला आणि एका शनिवारी बाईने मला बोलावलं. "लुक," म्हणाली आणि लेकीला एकटीला फेऱ्या घालायला सांगितलं.

लेक बाहेरच्या वळणावरून आली, छान खाली वाकून, आणि लेन बदलायच्या जागेवर आली तशी तिने पाय रोवले. आतल्या लेनमध्ये कुणीही नव्हतं. रिंक रिकामी होती. तरी ती थांबली, वाट दिली आणि मग पुढे गेली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच.

मी तिला सगळं शिकवू शकते, बाई म्हणाली, पण हे मी शिकवलेलं नाही.

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं नाही. सांगून त्याला काय कळणार होतं? त्याने पुन्हा म्हटलं असतं, बघ, किती समजूतदार. पुढच्या शनिवारी मी त्याला पहाटेच उठवलं आणि म्हटलं, गाडी तू चालव. रिंकवर पोचल्यावर मी काउंटरवरून त्याच्या मापाचे भाड्याचे बूट घेतले. "हे कशाला?" तो म्हणाला. "घाल," मी म्हटलं. माझ्या आवाजात असं काहीतरी असावं की त्याने घातले. बाईने काही न विचारता काउंटरमागची लाकडी खुर्ची आणून त्याच्या हातात दिली.

खुर्चीला धरून, धापा टाकत, तो शंकूंमधल्या त्या जागी जाऊन उभा राहिला. आतल्या लेनमध्ये. आता काय करू, त्याने विचारलं.

"ती बाहेरून येईल," मी कठड्यावरून म्हटलं. हळू नाही बोलले. "तू वाट द्यायचीस. बस, एवढंच काम आहे तुझं. एवढं तरी कर."

पहिल्यांदा लेक आली, बाप दिसला आणि ती थांबली. तोही बावळटासारखा थांबून राहिला. "सॉरी बाबा," ती म्हणाली. त्या सॉरीने माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "तू नाही थांबायचं! हक्क तुझा आहे! त्याला हलू दे!" काउंटरवरचा माणूस बाहेर येऊन बघायला लागला. बघू दे.

दुसऱ्यांदा ती कचरली, थोडी. तिसऱ्यांदा नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग वळणावरून येणाऱ्या तिच्याकडे पाहिलं, आणि काय झालं त्याच्या मनात देव जाणे, पण त्याने जिवाच्या आकांताने खुर्ची बाजूला ढकलली. खुर्ची एकीकडे गेली आणि तो दुसरीकडे बुडावर आदळला. लेक त्याच्या पायांजवळून सरळ निघून गेली. तिने पाय रोवले नाहीत.

"मला लागलं नाही," तो बर्फावरूनच म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

लेक पूर्ण फेरी घालून आली आणि त्याच्यासमोर थांबली. मला वाटलं, आता ही सॉरी म्हणणार, आणि मी कठडा घट्ट धरला. तिने खुर्ची ओढत आणून त्याच्या पुढ्यात ठेवली, उठायला.

"अगेन, बाबा," ती म्हणाली. "अँड धिस टाइम, मूव्ह फास्टर."