राजुरीचा बिनघामाचा आठवडा

राजुरीतल्या पोरांना एकदा आठवडाभर घाम आला नाही, आणि त्याला मी जबाबदार आहे. हे सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं. आता पंच्याहत्तरी उलटली. आता नाही तर कधी?

माझी बायको कुसुम शाळेत मराठी शिकवायची. तिची भाची वर्षा पुण्यात शिकत होती. वाढत्या वयाची मुलं किती हालचाल करतात हे मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली कुसुमने तिला मराठीत करून दिली, अगदी जीव ओतून. (तेवढे दिवस आमटीत मीठ नव्हतं, पण प्रश्नांत काना-मात्रा चुकली नाही!) मुलांना ती नीट कळते का, हे दिवाळीच्या सुट्टीत आमच्याच गावात तपासायचं ठरलं. जमलं तर ती प्रश्नावली पुढे जिल्ह्यातल्या शाळांत जाणार होती. कुसुमचे पाय जमिनीला लागेनात!

मी मात्र घाबरलो. पुण्याची पाहुणी विचारणार, "गेल्या सात दिवसांत काय काय केलंत?" आणि आमची पोरं सांगणार, गवत कापलं, पाणी शेंदलं, टोमॅटोची क्रेटं उचलली! पोरांना राबवतात म्हणून गावाची अब्रू जायची! ती यायच्या आठवडाभर आधी मी आळीत घरोघर फिरलो. "पाहुणी येतेय. तोवर पोरांना काडी उचलू देऊ नका."

"मंग आमच्या म्हशीला गवत कोन आणणार, अण्णा? तुमी?" शेजारच्या दगडूभाऊने विचारलं.

"आणतो की!" (जिभेला हाड नसतं, ते असं.)

दुसऱ्या दिवशी दगडूभाऊच्या भावकीचं गवत माझ्या डोक्यावर आलं. तिसऱ्या दिवशी अख्ख्या आळीचं पाणी! पोरं नवे कपडे घालून चकल्या खात पडलेली. मी दारात हंडा घेऊन उभा राहिलो की आतून आवाज यायचा, "अण्णा, जरा बाजूला व्हा, टीव्ही दिसंना!"

वर्षा आली. आमच्या ओट्यावर मुलांनी उत्तरं लिहिली, अगदी प्रामाणिकपणे: काही केलं नाही.

"आत्या, खेड्यातल्या एकाही मुलाला आठवड्यात दम लागला नाही? शक्यच नाही! प्रश्नच कळला नसणार."

कुसुमचा चेहरा पडला. तिने 'दम लागणे' खोडून 'धाप लागणे' केलं. मग 'छाती भरून येणे'. उत्तर तेच! तेवढ्यात डोक्यावर भारा घेऊन मी आलो, भात्यासारखा फुसफुसत.

"मुलांनो, अण्णांकडे बघा!" कुसुम ओरडली. "याला म्हणतात दम लागणं! कळलं?"

"लई चांगलं कळलं, बाई," दगडूभाऊची सुरेखा म्हणाली. "पन आमाला नाय लागला. आमाला तर अण्णांनीच..."

मी भाऱ्यासकट असा काही खोकलो, की वर्षा पाणी आणायला धावली. (तेही मीच भरलेलं!)

वर्षाने नाइलाजाने शेरा मारला: भाषांतर कच्चं. काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. "मला मेलीला साधा दमसुद्धा धड लिहिता आला नाही," म्हणत कुसुमने शब्दकोश माळ्यावर टाकला. तो चढवायला शिडी कोणी धरली? मीच.

परवा धीर केला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. छाती भात्यासारखी वरखाली.

"कुसुम, ते वर्षाचे प्रश्न... त्यात चूक तुझी..."

"अहो, केवढी धाप लागलीय! आधी बसा. जरा दम खा, मग बोला."

बसलो. अजून दमच खातोय!