बिनआवाजाचा सातवा भाग

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आमच्या बर्नलीत हेटी होल्गेटला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिच्यासमोर तोंडावर हात धरून बोलत नाही असाही नाही. बाईला कानांनी फारसं ऐकू येत नाही. पण पलीकडच्या फुटपाथवर दोघी कुजबुजत असल्या, तरी त्यांच्या ओठांवरून ती अख्खी बातमी उचलते आणि त्या घरी पोचायच्या आत ती बातमी त्यांच्या शेजारणीकडे पोचलेली असते. तीस वर्षं गिरणीत माग चालवल्यावर दुसरं काय होणार! दोन-अडीचशे माग एकदम धडधडत असले की शेजारणीच्या कानात ओरडून घसा बसतो, बाकी काही होत नाही. म्हणून आमच्याकडच्या विणकरणी आवाज न काढता, तोंड चांगलं मोठं उघडून, ओठांनी बोलत. मीमॉ म्हणायचे त्याला. भिंतींना कान असतात म्हणे. गिरणीत कान कुणालाच नव्हते, डोळे मात्र सगळ्यांना होते.

या बोलण्याची एक गंमत होती. पाठ फिरवली की विषय संपला. समोरची जीव तोडून काही सांगत असो, तुम्ही पाहिलंच नाही तर ते बोललंच गेलं नाही. त्यामुळे गिरणीत भांडण झालं की शिव्या देण्यात कुणी वेळ घालवत नसे. नुसती पाठ फिरवायची. हेटीने आपल्या धाकट्या बहिणीकडे, विनीकडे, एकाहत्तर साली अशी पाठ फिरवली आणि तो अबोला अडतीस वर्षं चालला.

झालं होतं असं. जुलैत आठवडाभर सगळ्या गिरण्या बंद राहायच्या आणि गाव झाडून ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. हेटी सहा वर्षं गेली नव्हती. आधी नवरा आजारी होता, तो गेला, मग आईने अंथरूण धरलं. त्या वर्षी विनीच म्हणाली, तू जा, आईपाशी मी थांबते. सोमवारी आईचं दुखणं वाढलं, गुरुवारी सकाळी ती गेली, आणि हेटीला तार मिळाली ती गुरुवारी दुपारी. हेटी परत आली तेव्हा आईचे हात थंड होते. चार दिवस मिळाले होते आणि बहिणीला पोस्टापर्यंत जायला झालं नाही? पोस्ट काय चंद्रावर होतं? हेटीने हे एकदा विचारलं, चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत. विनी मूग गिळून उभी राहिली. हेटीने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचा तोच लावला आणि पाठ फिरवली. दोघींचे माग मधल्या बोळाच्या दोन बाजूंना होते, वळलं तरच एकमेकींचं तोंड दिसायचं. त्या दिवसापासून विनीला दिसायचा तो फक्त हेटीच्या एप्रनचा बंद.

आता त्या मालिकेचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. त्याच सप्टेंबरात टीव्हीवर एक नवी मालिका लागली. ‘ऑर्मरॉडला दिसतं ते’. ऑर्मरॉड हा आमच्याच भागातला एक पोलीस सार्जंट. मेलेली माणसं त्याच्याकडे दाद मागायला यायची, पण त्यांना आवाज नसायचा, नुसते ओठ हलायचे. सार्जंट विणकरणीचा मुलगा. लहानपणी आईच्या मागाखाली खेळत वाढलेला. म्हणून ओठ वाचायला फक्त त्यालाच यायचं. पेंडल डोंगरावरचं धुकं, ओल्या दगडी गल्ल्या, आणि मध्येच दोन-दोन मिनिटं पूर्ण शांतता. तशी मालिका पुन्हा झाली नाही. कुठे एखादा भाग हाती लागला तर सोडू नका, एवढंच सांगतो. पण दक्षिणेकडच्या लोकांना ती शांतता सोसवेना. कित्येकांनी बिघडला म्हणून टीव्ही दुकानात नेला.

आमच्या गावाची तक्रार वेगळीच होती. मालिकेवाल्या शहाण्यांना वाटलं होतं की भुताच्या ओठांवरचं कोण वाचणार! म्हणून नट कॅमेऱ्यासमोर तोंडाला येईल ते पुटपुटत. दुसऱ्या भागात खून झालेला पाद्री कबरस्तानात उभा राहून, डोळ्यांत पाणी आणून, सार्जंटला काहीतरी सांगतो, आणि सार्जंट गंभीर चेहऱ्याने म्हणतो, ‘याला पुतण्याने ढकललं.’ इकडे बर्नलीत घराघरांत लोक हसून लोळत होते. कारण पाद्री म्हणत होता, ‘बूट चावतायत. हे कधी संपणार? जेवायला काय आहे?’ तिसऱ्या भागातलं भूत जे बोललं, ते मी इथे लिहू शकत नाही.

हेटीने मालिकेवाल्यांना पत्र टाकलं. मालिका तुमची चांगली आहे, पण तुमच्या भुताला भूक लागली आहे, त्याला आधी जेवायला घाला, आणि तिसऱ्याचं तोंड साबणाने धुवा. पत्र पोचलं आणि तिकडे धावपळ उडाली. आठवड्यात दिग्दर्शक स्वतः तिच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. सातवा भाग गिरणीतच घ्यायचा आणि भुतांना बोलायला हेटीने शिकवायचं, असं ठरलं.

ऑक्टोबरात आमच्या गिरणीत कॅमेरे आले. मेलेल्या विणकरणीचं काम करणाऱ्या नटीला हेटीने चार दिवस रगडलं. ओठात एक आणि पोटात एक चालणार नाही बाई, म्हणाली, ओठात आहे ते दहा मागांपलीकडे दिसलं पाहिजे. चित्रीकरणाच्या दिवशी दिग्दर्शकाने सगळ्या विणकरणींना सांगितलं, रोजच्यासारखं काम करा, रोजच्यासारखं बोला, पण जागा सोडू नका. हेटी आपल्या मागापाशी उभी राहिली. मागे विनी. तिथून हलायची सोय नव्हती, म्हणून हेटीने मान ताठ ठेवली आणि धोट्यावरची नजर काढली नाही.

तो भाग कधी दाखवलाच गेला नाही. सहा झाले आणि मालिका बंद पडली. गावाने आठवडाभर हळहळ केली, मग विसरलं. नाताळच्या आधी विनी नवऱ्याच्या नोकरीपायी पेंडलच्या पलीकडे क्लिथरोला गेली. जाताना तिने हेटीला पत्र टाकलं. हेटीने ते न फोडता, पत्ता खोडून परत पाठवलं.

पुढे गिरण्या बंद पडल्या. मूलबाळ नव्हतंच. आप्त म्हणावं असं हेटीला जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते डोंगरापलीकडे, बसने तासाभरावर होतं. विनीचा नवरा वारल्याचं तिला कळलं, ती वृद्धाश्रमात गेल्याचंही कळलं. दर नाताळला हेटी एक कार्ड विकत आणायची आणि कपाटात ठेवायची. लिहिणार काय? चुकली ती विनी, मग आधी तिने बोलावं. आणि तिच्या मनाचा दुसरा कोपरा म्हणायचा, बोलली होती की, पत्र आलं होतं, तूच परत धाडलंस. त्या कोपऱ्याचं ती ऐकत नसे. वय एकोणऐंशी झालं, तरी नाही.

मग दोन हजार नऊच्या डिसेंबरात कर्स्टी नावाची एक मुलगी दारात आली. ती जुने चित्रपट सांभाळणाऱ्या एका संस्थेत कामाला होती. सातव्या भागाची रिळं कुणाच्या तरी माळ्यावर सापडली होती. चित्र स्वच्छ होतं, पण आवाजाची फीत वेगळी असते, ती गहाळ झाली होती. संहिता नव्हती, नट बहुतेक देवाघरी गेले होते. कुणीतरी हेटीने मालिकेवाल्यांना टाकलेल्या त्या जुन्या पत्राची आठवण काढली. आता बोलणं ओठांवरून उतरवून खाली अक्षरं घालायची, म्हणजे मालिकेवर जीव असणारी म्हातारी मंडळी तरी शेवट बघतील.

ग्रंथालयातल्या खोलीत पडदा लावला होता. हेटी चष्मा पुसून बसली आणि सांगत सुटली. कर्स्टीची बोटं दमली, पण हेटी थांबेना. सार्जंट काय म्हणतो, गिरणीमालक काय म्हणतो, आणि मालक पाठ वळवून दाराकडे जाताना सार्जंटचं काम करणारा नट हळूच काय म्हणतो, तेही. ते लिहू नकोस, म्हणाली, त्याची बायको अजून आहे.

मग गिरणी आली. मागांच्या रांगा, कापसाची उडती धूळ, आणि मधल्या बोळात ती नटी, पांढरीफटक. तिने खुन्याचं नाव घेतलं, अगदी हेटीने शिकवलं तसं. हेटी खूश झाली. तेवढ्यात चित्राच्या डाव्या कडेला तिला स्वतःची पाठ दिसली. एप्रनचा बंद. आणि त्या पाठीच्या मागे, कॅमेऱ्याला तिरकी दिसणारी विनी. सदतीस वर्षांची, केसांना रुमाल बांधलेली. विनीचे ओठ हलत होते.

हेटीने हात वर केला. कर्स्टीने चित्र थांबवलं.

"मागे घे, पोरी. पुन्हा दाखव."

पुन्हा दाखवलं. विनी भुताकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याकडेही नाही. ती समोरच्या पाठीशी बोलत होती.

‘हेटे, आईने शपथ घातली होती. म्हणाली, हेटीला बोलवायचं नाही, सहा वर्षांनी गेलीय ती, तिचा समुद्र मोडू नकोस. आणि मी सांगितलं असंही सांगू नकोस, मला दोष देत बसेल. दोनदा तार लिहिली मी, दोनदा फाडली. आज शपथ मोडली.’ मग तिचा एक धागा तुटला असावा, तिने खाली वाकून तो जोडला, पुन्हा मान वर केली आणि वाट बघितली. पाठ हलली नाही. ‘वळ गं, हेटे,’ एवढंच ती शेवटी म्हणाली, आणि चित्र पुढच्या प्रसंगावर गेलं.

हेटीने ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा ती विनीकडे बघत नव्हती, त्या पाठीकडे बघत होती. एवढा राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

"मागची ती बाई काहीतरी बोलतेय, मिसेस होल्गेट," कर्स्टी म्हणाली. "लिहायचं का?"

"नको. ते मालिकेतलं नाही," हेटी म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. तोंडावर हात न धरता, मोठ्याने, लहान मुलासारखी रडली ती. बिचारी कर्स्टी घाबरून चहा आणायला पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने हेटी क्लिथरोला निघाली. बरोबर आलं घातलेला केक घेतला होता, आईच्या हातचा असायचा तसा. पेंडल ओलांडताना तिच्या मनात एकच धास्ती होती. विनीने बघितलंच नाही तर? तिला हक्क होता. अडतीस वर्षं पाठ पाहिलेल्या बाईला दुसरा कुठला हक्क नसेल, पण तेवढा नक्कीच होता.

वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात टीव्ही भलत्या आवाजात चालू होता, कपबशा आदळत होत्या. साडेतीनलाच बाहेर काळोख व्हायला लागला होता आणि दिवे लावले होते. विनी खिडकीपाशी, चाकांच्या खुर्चीत होती. बारीक झाली होती, पण हनुवटी तीच. दारात कोण उभं आहे ते तिला दिसलं. ती बराच वेळ बघत राहिली. हेटीने तोंड उघडलं, तशी विनीने दोन्ही हातांनी चाकं धरली आणि खुर्ची सावकाश खिडकीकडे वळवली.

सेविका अवघडली. म्हणाली, दुपारी झोप झाली नाही त्यांची, म्हणून असेल. हेटीने तिच्या हातात केक दिला आणि ती दिवाणखान्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. विनीच्या पाठीवर निळी शाल होती. हेटीने आवाज काढला नाही. काढून उपयोगही नव्हता, विनीचे कानही गिरणीनेच खाल्ले होते. तिने ओठ मोठे केले आणि त्या शालीला सगळं सांगितलं. सिनेमा सापडला, विने. तू माझ्या मागे उभी होतीस. शपथेचं मला काल कळलं. तारेचं कळलं. पत्र मी फोडलं नाही, माझे हात झडू देत. चुकलं माझं. तुझं काही चुकलं नव्हतं, माझंच चुकलं, आणि मी इतकी वर्षं तुला एकटीला टाकलं. वळ गं, विने.

शाल हलली नाही. भोवतीच्या म्हाताऱ्या टीव्ही सोडून हेटीच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघायला लागल्या. हेटीला वाटलं, बरोबर आहे. फेड झाली. पाय दुखायला लागले होते, तरी ती उभी राहिली, कारण ऑक्टोबरातल्या त्या दिवशी विनीही उभी राहिली होती.

मग तिची नजर शालीवरून वर गेली. बाहेर अंधार, आत दिवे, आणि खिडकीच्या काचेत अख्खा दिवाणखाना स्वच्छ उमटला होता. त्यात हेटी होती, पायांतल्या बुटांपासून टोपीपर्यंत. आणि काचेतली विनी तिच्याकडेच बघत होती. पहिल्यापासून बघत असणार. तिचे गाल ओले होते. तिचे ओठ हलले.

‘कवळी नीट बसव आधी,’ विनी म्हणाली. ‘निम्मे शब्द गिळतेस. पुन्हा पहिल्यापासून सांग.’

हेटीने अंगठ्याने कवळी दाबून बसवली, एक खुर्ची ओढली, विनीच्या समोर नेऊन ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.