पायरीच्या वरचे मासे

सकाळच्या त्या गडबडीत आमच्या घरात कुणी कुणाचं नसतं. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, लेकीचा एक मोजा हातात आणि दुसरा बेपत्ता, आणि ह्यांचं एकच चाललेलं, "माझा चष्मा कुणी हलवला?" चष्मा ह्यांच्याच कपाळावर. तो दाखवायला मी बोट उचललं, तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

मागच्या दाराने आमच्याकडे एकच माणूस येतो. शेजारचे गप्पीकाका. दार उघडलं तर काका अंगणात उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, कडेवर मूल घ्यावं तसा ओल्या टॉवेलात गुंडाळलेला एक प्लॅस्टिकचा कॅन.

"सूनबाई, तुमची मागची टाकी रिकामी आहे ना?"

"आहे की. का हो?"

"मासे ठेवायचेत."

आतून ह्यांनी हाक दिली, "काका, निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, अजून मासे वाटताय होय?"

"वाटत नाही रे," काका म्हणाले, "लपवतोय."

तेवढ्यात दूध उतू गेलं. मी आत धावले, आणि शेगडी पुसून परत येईपर्यंत काकांनी नळ सोडून टाकी भरायलाही घेतली होती. मी हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या सासूबाईंना ते वहिनी म्हणत. त्या गेल्या, पण मी त्यांची सूनबाई राहिले ती राहिलेच.

काका हिवतापाच्या खात्यात होते. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे कॅनमध्ये भरायचे आणि घरोघरच्या टाक्यांत, विहिरींत सोडायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यावरून नाव पडलं गप्पीकाका. गप्पा मात्र त्यांना कधी जमल्या नाहीत. आमचे हे म्हणायचे, काकांपेक्षा त्यांचे मासे जास्त बोलतात.

आमच्या गल्लीच्या मागे एक ओढा आहे. आता त्याला ओढा म्हणायचं म्हणजे कौतुकच. पण काकांची मुलगी लहान होती तेव्हा त्याच्यावर दोन्ही काठांनी झाडांचं छत होतं आणि दुपारीही तिथे दिवा लागल्यासारखा हिरवा उजेड असायचा. पोरगी शाळेतून आली की दप्तर फेकून थेट पाण्यात. फ्रॉकच्या घेरात मासे धरायची. बोटाएवढे, सोनेरी, अंगावर आडवा काळा पट्टा. "बाबा, हे पट्टेवाले!" काका विचारायचे, "कुठल्या हापिसातले गं?" ती म्हणायची, "पाण्याच्या हापिसातले. साहेब तो बघा, दगडाखाली बसलाय." साहेब म्हणजे कुठलातरी मिशाळ, चिखलात तोंड घालून पडणारा मासा. काही मासे दगडाला पोट चिकटवून वाहत्या पाण्यात टिकून राहायचे. त्यांना ती चिकटे म्हणायची. हे सगळं मला सासूबाईंकडून कळलं. काकांनी ते कधीच सांगितलं नाही.

मुलगी तापाने गेली. हिवतापच. ज्याच्या अंगावर खात्याचा खाकी सदरा, त्याच्याच घरात. काकूंनी त्यानंतर ओढ्याकडची खिडकी कधी उघडली नाही. त्या स्वतः गेल्या तेव्हाही ती बंदच होती. आणि काकांनी गप्पी मासे ओढ्यात सोडायला सुरुवात केली. खात्याचा हुकूम टाक्या-विहिरींपुरता होता, वाहत्या पाण्याचं त्यात काही नव्हतं. पण टाक्यांचं काम उरकलं की उरलेला कॅन घेऊन काका ओढ्यावर जायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "दुसऱ्या कुणाचं लेकरू जायला नको." यावर कोण काय बोलणार? लोकांनी हात जोडले. तापही कमी झाला. माशांमुळे की फवारणीमुळे, देव जाणे.

मग बरीच वर्षं काही घडलं नाही. म्हणजे घडत होतं, पण दिसत नव्हतं. घरं वाढली, काठची झाडं गेली, बांधकामाला ओढ्यातले गोटे गेले, सांडपाणी आलं.

काका निवृत्त झाल्यावर एक मुलगी ओढ्यातले मासे मोजायला आली. विद्यापीठात शिकणारी, खांद्याला जाळं, पायात रबरी बूट, माझ्याकडे चहाला थांबायची. ओढ्याच्या प्रत्येक टप्प्यावर किती जातींचे मासे आहेत आणि तेवढेच का आहेत, हे तिला शोधायचं होतं. वाट दाखवायला काका. खालच्या डबक्यात जाळं टाकलं की गप्पीच गप्पी. काका अभिमानाने म्हणाले, "बघ, कसे रुजलेत!" ती नुसती हसली.

मग दोघं वर गेली. ओढ्यात एका जागी कातळाची सरळसोट पायरी होती, माणसाच्या कमरेएवढी. पाणी तिच्यावरून खाली पडायचं. पायरीच्या वर जुनी झाडं शिल्लक होती, सावली होती, तळाशी कुजलेला पाला होता, गोटे होते, आणि उन्हाळ्यातही न आटणारा एक डोह होता. तिथे पोरीने जाळं टाकलं आणि आनंदाने ओरडलीच. पट्टेवाले, चिकटे, साहेब आणि आणखी कितीतरी.

काका पाण्यात तसेच उभे राहिले. हे मासे त्यांनी लेकीनंतर पाहिलेच नव्हते. वर चढून यायचं कारणच पडलं नव्हतं.

त्या मुलीने त्यांना समजावून सांगितलं. प्रत्येक माशाचं घर वेगळं. कुणाला धार लागते, कुणाला डोह, कुणाला पाल्यातले किडे. घरं मोडली की भाडेकरू जातात. ओढा मोठ्या नदीला मिळतो, तिथून पुराबरोबर नवे मासे येतात आणि उन्हाळ्यात डोहात तग धरतात. आणि परके मासे आले की ते जुन्यांचं खाणं खातात, नुकती निघालेली पिल्लंही खातात. गप्पीला पुराच्या पाण्यातही ही पायरी चढता येत नाही, म्हणून वरचे वाचले.

"खाली कुणी सोडले असतील हो?" तिने विचारलं.

"मी," काका म्हणाले.

ती गोंधळली. जाळ्याची गाठ उगाच सोडत-बांधत म्हणाली, "काका, एकट्या तुमच्यामुळे नाही. झाडं गेली, पाणी घाण झालं..."

"एकट्या माझ्यामुळे नसेल," काका म्हणाले. "पण तिचे मासे होते ते."

ही हकीकत त्या मुलीनेच मला सांगितली, स्वयंपाकघरात बसून, डोळे पुसत. काम संपवून ती परत गेली. काका मात्र रोज पायरीपर्यंत जायला लागले. वर जायचे नाहीत, पायरीशी बसायचे. कुणी कपडे धुवायला वर निघालं की बादली तपासायचे, खालचं पाणी तर नाही ना घेऊन चाललात. लोक हसायचे. "काका, आता पायरीवर तिकीट लावा!"

आणि मग ओढा सरळ करायचं काम निघालं. दर पावसाळ्यात गल्लीत पाणी शिरायचं, ते थांबवायला. कुणाचं चुकलं म्हणावं? आमच्याही घरात कपाटाच्या पायाशी ओल चढते. काका मुकादमाकडे गेले, मी सोबत होते.

"एवढी पायरी ठेवा," काका म्हणाले.

"का? देऊळ आहे का तिथे?"

"मासे आहेत."

"भाडं देतात का?" मुकादमाने आपल्या माणसांकडे बघून डोळा मारला. "आणि पायरीवर मासे चढतात होय, काका?"

"चढत नाहीत, म्हणूनच ठेवा."

सगळे खो खो हसले. मुकादम वाईट माणूस नव्हता, खुर्ची दिली, पाणी दिलं. पायरी तेवढी दिली नाही. कातळ फोडला, उतार सपाट केला. ज्या सकाळी काका कॅन घेऊन माझ्या दारात उभे होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना वरच्या डोहात शेपटी फडकवत फिरणारा पहिला गप्पी दिसला होता.

तर टाकी. काकांनी नळाचं पाणी भरलं, त्यात पट्टेवाले सोडले, चिकटे सोडले, आणि समाधानाने चहा प्यायले. जन्मभर त्यांनी असेच मासे सोडले होते, नळाच्या औषध मारलेल्या पाण्यातही. गप्पी कशातही जगतो, हीच तर त्याची ख्याती. ओढ्याचा मासा तसा नसतो, हे त्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी मी कपडे वाळत घालायला गेले तर टाकीत सगळे उलटे. पांढरी पोटं वर. हाक मारावी की न मारावी, कळेना. शेवटी मारली. काका आले, एकेक मासा ओंजळीत उचलून काठावर ठेवत गेले. मी म्हटलं, "काका, तुम्हाला कुठून ठाऊक असणार?" ते म्हणाले, "दुसऱ्यांदा, सूनबाई." एवढंच. मग अबोलीच्या वाफ्यात खड्डा केला आणि मासे पुरले. मी मदतीला वाकले तर हाताने थांबवलं.

पुढचे काही दिवस आमच्या घराचा ओढा झाला. आमचे हे, ज्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, ते स्कूटरवर वरच्या डोहाचं पाणी वाहत होते. "लग्नात एवढ्या घागरी नाही वाहिल्या," म्हणत. लेकीने पाला गोळा केला. काकांनी गोटे मांडले, वर पोतं टाकून सावली केली, आणि पुन्हा मासे आणले. चिकटे टिकले नाहीत. त्यांना धार हवी, आणि माझ्या टाकीत धार कुठून आणू? साहेब मिळालेच नाहीत. पट्टेवाले मात्र ओंजळभर राहिले. काका सकाळ-संध्याकाळ येऊन पोत्याची कड उचलत, बघत, पुन्हा झाकत. वरच्या डोहावर जाणं त्यांनी सोडलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आता तिथेही खालच्यासारखंच आहे."

त्यानंतर काकांना छातीचं दुखणं निघालं. दोन पावलांत दम लागायचा. लांबच्या शहरात राहणारा त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला आणि सामान बांधायला लागला. खोल्या रिकाम्या होताना मी मदतीला होते. ओढ्याकडची खिडकी मुलाने उघडायचा प्रयत्न केला, पण लाकूड फुगून घट्ट बसलं होतं.

निघायच्या दिवशी काका मागच्या दाराने आले. मुलाने दंड धरला होता, तो त्यांनी सोडवला आणि टाकीच्या कठड्यावर बसले. पोत्याखालून सोनेरी काहीतरी वळलं.

मला त्यांना काहीतरी चांगलं सांगायचं होतं. मी म्हटलं, "काका, काळजी करू नका. डोंगरापलीकडे एक ओढा आहे ना, स्वच्छ, झाडीतला, त्याला अजून कुणी हात लावला नाही. पाऊस लागला की आम्ही यांना तिथे नेऊन सोडतो. पुन्हा वाढतील."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी लहान असल्यासारखं.

"त्या ओढ्यात त्याचे मासे असतील ना, सूनबाई."

मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी थांबलीय."

"यांना इथेच म्हातारं होऊ द्या," काका म्हणाले. "कितीही दया आली तरी कुठे सोडू नका. एवढंच करा माझ्यासाठी."