नवसाबाईंच्या हाताची वही

संतोष सरांनी अकरा माणसांची दुखणी एका आठवड्यात एकसारखी करून टाकली, आणि तीही मदत म्हणून.

त्यांची भाची स्नेहल नाशिकच्या एका कॉलेजात संशोधन करते. हात बधिर होणाऱ्या अकरा माणसांनी पंधरा दिवस, रोज काय वाटलं ते आपल्या शब्दांत वहीत लिहायचं. मग संगणकातलं भाषेचं मॉडेल ते वाचून कुणाचं कुणाशी जुळतं, कुणाचं वेगळं पडतं ते सांगणार, आणि ज्याचं वेगळं पडेल त्याला डॉक्टर पुन्हा तपासणार. टायपिंग निवृत्त मामांकडे आलं. मामांनी तीस वर्षं मराठी शिकवलेली. त्यांनी सगळ्यांचं लिखाण सुधारून 'हातास तीव्र वेदना व बधिरता जाणवते' असं करून दिलं.

"मामा, मॉडेल म्हणतंय हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय," स्नेहल फोनवर म्हणाली. "आणि ते काही खोटं बोलत नाहीये."

सर पुन्हा वह्या काढून बसले. सगळ्यात वर मखमलाबादच्या नवसाबाईंची वही होती. बाई चौथी शिकलेल्या, रोज पहाटे दवात झेंडू तोडणाऱ्या. दोन डॉक्टरांनी 'वयानं होतं' म्हणून परत पाठवलेलं. आता सगळी भिस्त या वहीवर.

'मुंग्या नाय म्हणता येत. मुंग्या चालल्या तर कळतात तरी.'

सरांनी चष्मा पुसला. हे वाक्य आपण कसं खोडलं, हेच त्यांना आठवेना. तीस वर्षांत पोरांच्या निबंधांतून असं काय काय उडवलं असेल, या विचारात चहा निवला.

या वेळी त्यांनी काना-मात्रेलाही हात लावला नाही. पाठवण्याआधी, मागच्या वेळेसारखंच, वाचून दाखवायला मळ्यात गेले. नवसाबाई क्रेटमध्ये फुलं भरत ऐकत होत्या.

"हे माझंच हाय," त्या म्हणाल्या. "मागं तुम्ही वाचलं ते कुण्या साहेबाचं वाटलं व्हतं."

सर वरमले, पण शेवटच्या पानावर जुनी खोड उफाळून आली. तिथं लिहिलं होतं : 'दुपारी बोटं शेजारणीची उसनी आणल्यावाणी वाटली.'

"नवसाबाई, डॉक्टर वाचणार आहेत. एवढं एकच वाक्य जरा नीट करू का?"

नवसाबाईंनी क्रेटवर ओलं पोतं टाकलं.

"हात माझा हाय, सर."