सात नंबरचा परिच्छेद

न्यायासमोर सगळी माणसं सारखी असतात, आणि आमच्या कोर्टापुरती याची व्यवस्था मी स्वतः केली होती. शिक्षेच्या आदेशासाठी नऊ ठरलेले परिच्छेद टाइप करून त्यांना नंबर देऊन ठेवले होते. माणूस कोणीही असो, परिच्छेद तेच.

उज्जैनला मी मॅजिस्ट्रेटसाहेबांचा स्टेनो होतो. साहेब गुन्हा शाबित होईपर्यंतचा निकाल नीट सांगत. शिक्षेपाशी आले की चष्मा काढत आणि म्हणत, "चार लगा दो," नाहीतर "सात लगा दो." चार म्हणजे आरोपी संभ्रांत, म्हणजे प्रतिष्ठित, परिवारातला, पहिलाच अपराध, पुढे आयुष्य पडलंय, तेव्हा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडावं. सात म्हणजे आरोपी ज्या समुदायाचा आहे त्यात असे अपराध सर्रास होतात, सबब नरमाई उचित नाही, एक वर्ष सश्रम. दोन्हींची हिंदी मी घासूनपुसून केली होती. सातवर तर माझा जरा जीवच होता.

ती वर्षं टेलिफोनची. देवास गेटला एसटीडीचे पिवळे बूथ उगवत होते, शहरभर रस्ते खणून केबल टाकत होते आणि केबलमधलं तांबं चोरीला जात होतं. अशा दोन केसेस एकाच महिन्यात निकालाला आल्या. एकीत धान्याच्या व्यापाऱ्याचा बी.कॉम. झालेला मुलगा. दोन बंडलं, घरच्या मारुतीच्या डिकीत. दुसरीत एक पारधी. एक बंडल, खांद्यावर. दोघांचाही पहिलाच गुन्हा. व्यापाऱ्याच्या मुलाला चार लागला आणि त्याच्या वडलांनी कोर्टभर पेढे वाटले. मीही खाल्ला.

पारध्याचं नाव मात्र ठाण्याच्या निगराणी रजिस्टरात आधीपासून होतं. काही केलं म्हणून नव्हे, पारधी म्हणून. जन्मावरून अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा कधीच रद्द झाला होता. रजिस्टर तेवढं राहून गेलं होतं.

निकालाच्या आदल्या दिवशी त्याची बायको माझ्या टेबलाशी आली. ती देवळाच्या वाटेवर मणी विकायची. नवरा वर्षभर आत गेला तर तीन पोरं घेऊन ती एकटी कशी निभावणार, हा तिचा प्रश्न होता, आणि शेठच्या पोराला जो कागद मिळाला तोच आपल्याला मिळेल का, ही विनंती. मी समजुतीच्या सुरात सांगितलं की त्या कागदासाठी कायद्याला माणसाचा कायमचा ठिकाणा लागतो.

"ठिकाना तो है, बाबूजी," ती म्हणाली. "बाईस साल से उसी इमली के नीचे हैं. आपको कितने साल हुए अपने घर में?"

मला आठ महिने झाले होते. उज्जैनमधलं माझं ते चौथं भाड्याचं घर. मी फाइलमध्ये काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं.

नाटक करता करता खरंच सापडलं. आमच्याच कोर्टातून गेलेले तीन समन्स. तिन्हींवर पत्ता, "बड़ी इमली के नीचे, नानाखेड़ा." तिन्हींवर शिपायाचा शेरा, "तामील हुई," म्हणजे समन्स पोचलं. आणि तिन्ही तारखांना माणूस हजर.

दुसऱ्या दिवशी ते तीन कागद वर लावून मी फाइल साहेबांपुढे ठेवली. स्टेनोनं ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. मी बोललो. म्हटलं, सर, याचा पत्ता तर आपल्यालाच सापडतो, यालाही चार लागू शकतो. साहेबांनी तिन्ही समन्स शांतपणे वाचले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"समन पहुँचने का पता अलग होता है, रहने का अलग," ते म्हणाले. "सात लगा दो."

मी सात लावला. बाहेर त्याच्या बायकोला सांगितलं. तिनं भेटीचा वार कोणता, एवढंच विचारलं.

घरी मी तावातावानं सगळं सांगितलं. आमच्या सौ. मेथी निवडत होत्या.

"तो सात नंबर लिहिला कोणी?"

मी म्हटलं, विचार साहेबांचा, भाषा फक्त माझी.

"अहो, मग भाषा तरी वाईट लिहायची होतीत."

पुढच्या आठवड्यात मी सातमधलं समुदायाचं वाक्य गुपचूप गाळून नवा कागद टाइप केला. साहेबांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी ते वाक्य समासात स्वतःच्या हातानं परत लिहिलं, वर कौतुकही केलं, की पहिलंच चांगलं होतं, त्यात वजन होतं. इतक्या वर्षांत माझ्या गद्याला मिळालेली ती एकमेव दाद.

उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. पारधी अजून आत होता. बायको चिंचेखाली होती. नानाखेड्याला जाता-येता दिसायची, मी सायकलचा वेग वाढवायचो. बदलीच्या भत्त्याचा फॉर्म अर्थातच मी टाइप केला. 'स्थायी पता' या रकान्याशी थांबून मी विचारलं, सर, इथे काय लिहू?

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "अभी ख़ाली छोड़ दो."

मी रकाना रिकामा सोडला. फॉर्म आठ दिवसांत मंजूर होऊन आला.