बबनच्या प्लेटमधलं मोकळं वर्तुळ

बबन काल गेला, आणि मी सकाळपासून एका काचेच्या प्लेटकडे बघत बसलोय.
प्लेट समोर नाहीच. पन्नासेक वर्षांपूर्वीच धुऊन टाकली.

दुष्काळाचे दिवस. नगरच्या कॉलेजात आम्ही दोघं रिसर्च करत होतो.

तांब्याचा क्षार आणि एक सेंद्रिय पदार्थ अल्कोहोलमध्ये उकळत ठेवायचा. थंड झालं की हिरवी पूड खाली बसायची. हे आमचं कॉम्प्लेक्स, म्हणजे तांब्याचं संयुग.
त्यानं जंतू मरतात का, हे बघायला राहुरीला जायचं. तिथं जंतू वाढवायचा इन्क्युबेटर होता.

एसटीत बबन प्लेट्स टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायचा.
"काय हाय, अंडी?" कंडक्टर विचारायचा.
"जंतू हायेत."
शेजारचा माणूस उठून मागं जायचा.

जंतू वाढले की प्लेट दुधाळ दिसते. कॉम्प्लेक्स लावलेल्या कागदी टिकलीभोवती ते मेले, तर मोकळं वर्तुळ राहतं.

एका सकाळी ते राहिलं. लख्ख.
बबननं माझं मनगट धरलं. "तुला बी दिसतंय ना?"
"दिसतंय की."

त्यानंतर पुन्हा कधीच नाही.

मग त्याला आठवलं, डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून त्या बॅचची पूड टँकरच्या पाण्यानं धुतली होती. टँकरमध्ये जंतुनाशक पावडर टाकायचे. म्हणजे जंतू मारले कुणी, कॉम्प्लेक्सनं की त्या पावडरनं?
टँकरच्या पाण्यानं धुऊनही करून पाहिलं. तरी नाही.

आमचे गाईड सर म्हणाले, "एकदा आलंय ना? लिही आणि डिग्री घे."
"परत येत न्हाई सर. कसं लिहू?"

बबन डिग्री सोडून जामखेडला शाळेवर लागला. लोकांनी खुळ्यात काढलं. मला तर त्याचा लई राग आला होता.

पण वर्तुळानं त्याला सोडलं नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दिसलं हुतं ना रं?"
गेल्या महिन्यात दवाखान्यात पुन्हा तेच.

मघाशी वहिनींचा फोन आला.
"भाऊजी, हे झोपेत सुदीक त्येच बोलायचे. खरंच काय दिसलं हुतं, का यांचा भास?"
"दिसलं होतं वहिनी. मी शेजारी उभा होतो."
त्या रडायला लागल्या. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

फोन ठेवला आणि खरं सांगतो, भीती वाटली. आजवर बघणारे दोघं होतो. आता डोळे मिटतो तर कधी दिसतं, कधी नुसती दुधाळ प्लेट.
आता मी कुणाला विचारू?

बबन्या, नीज आता निवांत.